सर थॉमस आणि खालचा बँड

हॉलिनशॉ, लँकशायर
२० मे १९३५

प्रिय विनी,
अनेक आशीर्वाद.

"हुक्!"

उंच सुराला हात घालण्याआधी तुझे वडील बँडच्या पितळी कॉर्नेटवर जो श्वास ओढायचे ना, तो आज सकाळी मला पुन्हा ऐकू आला. डोळे मिटले, आणि मी पुन्हा अर्ध्या चड्डीत! व्हिटच्या सणाच्या आठवड्यातली मिरवणूक, चढावरच्या फरशीवर खडखडणारे लाकडी तळांचे बूट, तुझ्या डोक्यावर तुझ्यापेक्षा मोठा फुलांचा मुकुट, आणि सगळ्यांच्या पुढे ऑस्टिनकाका. सूर चढायला लागला की अख्खा गाव श्वास रोखून धरायचा. मग ते "हुक्", जणू एखाद्या देवदूताला उचकी लागली. आणि त्यामागून जो सूर निघायचा, त्याला डोंगरावरच्या मेंढ्यासुद्धा चरायचं थांबून मान वर करायच्या.

आज ते "हुक्" काढलं माझ्या भाच्याने, गर्व्हेजने. काकांच्याच हाताखाली शिकलेला, दुसरं काय होणार? मी जिन्यातून ओरडलो, "अरे गाढवा, ते काकांना शोभत होतं! तू माणसासारखा श्वास घे!" हिवाळा संपल्यापासून मी त्याच्या मागे हात धुऊन लागलोय.

पण मी पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच आनंदात. काल रोममध्ये आपल्या सर थॉमस मोर यांना संत म्हणून जाहीर केलं! चारशे वर्षांनी, विनी! फादर टन्स्टॉल वेदीवरून सांगताना रडले, मग स्वतःच्या रडण्याला हसले, मग दोन्ही एकदम करायला लागले. तू तिथे चेल्सीत, त्यांच्याच नदीकाठी राहतेस. तुला वेगळं काय सांगू? राजाचा सगळ्यात मोठा न्यायाधीश. राजा म्हणाला, मीच चर्चचा प्रमुख, घे तशी शपथ. हा गृहस्थ म्हणाला, नाही घेत. का नाही? तेही सांगत नाही. मान गेली, पण कारण तोंडातून निघालं नाही. आणि त्या मरणाच्या ओट्यावरसुद्धा थट्टा!

६ जुलैला, त्यांच्या मृत्यूच्या दिवशी, फादरांच्या हिरवळीवर त्यांचं नाटक आहे. लिहिलंय मी. पद्यात. आणि सर थॉमसही मीच. दाढी वाढवायला घेतली आहे. शेवटच्या प्रवेशातलं हे बघ कसं वाटतं:

मान कापा, हरकत नाही. दाढी मात्र वाचवा,
तिने राजद्रोह केला, असे कोणी दाखवा!

शाळेत चाळीस वर्षं पोरांकडून कविता घोकून घेतल्या, त्याचं हे फळ. कुऱ्हाड चालवणार आहे ॲस्पिनॉल, आमच्या बँडचा ढोलवाला. त्याला वेळेवर ठोका मारायची सवय आहे.

हो, आणि एक गंमत. व्हिट-शुक्रवारच्या बँडच्या स्पर्धेला परीक्षक बाहेरगावचा असतो ना, त्याची कंबर धरली आहे. मग बसले सगळे डोकं खाजवत. तेव्हा चढाच्या पायथ्याच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, म्हणजे खालच्या बँडचा मास्तर जोशुआ ऑग्डन (तोच, जो आपल्या चर्चवरून जाताना रस्ता ओलांडतो) भर सभेत उठून म्हणाला, "मास्तर कथबर्टला बसवा. पोपचा माणूस आहे, पण खोटं बोलत नाही." विनी, माझे कान तापले. खालच्या चर्चच्या कुठल्या माणसाने आजवर मला इतकं गोड काही म्हटलेलं नाही.

तुझा,
कथबर्टदादा


चेल्सी, लंडन
२५ मे १९३५

प्रिय कथबर्टदादा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र न्याहारीच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. माझे तिन्ही भाडेकरू अंडी खायची विसरले. बाबांचं "हुक्" तू अगदी तसंच लिहिलंस रे. मी हसत होते आणि रुमाल शोधत होते.

पण एकाहत्तराव्या वर्षी ओंडक्यावर मान ठेवणार तू? ठेवशील खरा, वर कशी काढणार? ॲस्पिनॉलला सांगून ठेव, कुऱ्हाड बाजूला ठेवून आधी मास्तरांना उठवायचं. आणि दाढी वाढव, पण तिला खायला घालू नकोस. गेल्या वेळी तू वाढवलीस तेव्हा तिच्यात रविवारच्या हॉटपॉटमधलं मटण बुधवारपर्यंत सापडत होतं.

एक सांगते, ऐकशील? परीक्षकाला पडद्याआड कोंडतात त्या खोलीत जाशील तेव्हा एकटा जा. सर थॉमसना बरोबर नेऊ नकोस. तुला मी ओळखते. एखाद्याचं पुस्तक वाचलंस की आठवडाभर त्याच्याच चालीने चालतोस. सेंट फ्रान्सिसच्या वेळी तू कोंबड्यांना प्रवचन दिलं होतंस, आणि त्यांनी अंडी द्यायचं थांबवलं होतं.

तुझी,
विनी


हॉलिनशॉ
१५ जून १९३५

प्रिय विनी,
अनेक आशीर्वाद.

जिंकलो! आपला बँड जिंकला! मी जन्मल्यापासून हा कप आपल्या वरच्या कॅथलिकांच्या वाटेला आलेला नव्हता. खालचे जिंकायचे, नाहीतर पलीकडच्या दरीतले ते गालफुगवे. आपले नुसते टाळ्या वाजवायचे. काल संध्याकाळी कप चढावरून वर आला! ॲस्पिनॉलने मला खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, अरे मी परीक्षक, मला काय घेतोस, कॉर्नेटवाल्याला घे! तर म्हणे, "गर्व्हेज पळून जाणार नाही, तुम्ही आज असा, उद्या नसा." असं बोलतो मेला.

फादरांनी मिरवणुकीसाठी चर्चची मोठी घंटा वाजवली. मिसेस ॲस्पिनॉलनी भट्टीतून नुकताच काढलेला बटाट्याचा पाय पाठवला, क्लिथेरोबाईंनीही पाठवला, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद आहे म्हणून दोन्ही संपवावे लागणार. कुंपणावरचं हॉथॉर्न तर असं फुललंय की जणू कुणी डोंगरावर दूध सांडलंय. कवितेत लिहिलं तर लोक खोटं म्हणतील. कालव्यावर बदकांची पिल्लं आली आहेत. हवा सुंदर आहे. फार सुंदर आहे. पश्चिमेचा वारा.

जिन्याच्या पायथ्याशी पोलीस उभा होता आणि पडदे ओढलेले होते. सगळं नियमाप्रमाणे झालं. अगदी नियमाप्रमाणे.

दाढी बरी आहे.

तुझा,
कथबर्टदादा


चेल्सी
१८ जून १९३५

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

हॉथॉर्न, बदकं, पश्चिमेचा वारा. काय झालं ते सांग.

बाबांचं कॉर्नेट तू लहानपणी विहिरीत टाकलंस तेव्हाही घरी येऊन आधी अर्धा तास चंडोलाचं वर्णन केलं होतंस. दोन पाय आले आणि त्यांची चव कशी होती हे एका शब्दाने लिहिलं नाहीस! कथबर्ट स्वॉरब्रिक पायची चव सांगत नाही, म्हणजे त्याच्या घशाखाली घास उतरत नाहीये.

निकाल कसा दिलास? कोण चांगलं वाजवत होतं? हे दोनच प्रश्न आहेत. बदकांनी उत्तर देऊ नये.

तुझी,
विनी


हॉलिनशॉ
२१ जून १९३५

प्रिय विनी,

पकडलंस. लहानपणीही तूच पकडायचीस.

ऐक तर. 'फ्लीस' खानावळीच्या वरच्या खोलीत मला दुपारीच कोंडलं. पडदे बंद. एक टेबल, एक खुर्ची, चीजचे सँडविच, आणि कोपऱ्यात एक भांडं, ज्याबद्दल सभ्य माणसाने लिहू नये. खाली बँड चिठ्ठ्या काढतात आणि आलेल्या नंबराप्रमाणे वाजवतात. कुणाचा कोणता नंबर, हे मला कळायचं नाही. शिट्टी वाजली की बँड सुरू. माझ्या हातात पेन्सिल आणि कान.

पहिला बँड ठीक. दुसरा म्हणजे गायींचा कळप पुलावरून जातोय. तिसरा सुरू झाला, विनी, आणि माझ्या हातातलं सँडविच खाली पडलं. काय वाजवलं! संथ भागात त्या कॉर्नेटने सूर उचलायला सुरुवात केली. मी खुर्चीतून उठलो. आणि वर पोचण्याच्या आधी, "हुक्!"

माझ्याच डोळ्यांत पाणी. गर्व्हेज! हा आपला बँड! एवढं सांगून याने सोडलं नाहीच, पण शाबास! मी मोठ्या अक्षरांत 'सर्वोत्तम' लिहिलं.

आणि मग सर थॉमस आले. तू नको म्हणाली होतीस, पण ते न विचारताच आले. तुला त्यांचं ते बोलणं आठवतं? जावई तक्रार करत होता की सासरा न्यायाधीश असून घरच्यांचा काही फायदा नाही. तेव्हा ते म्हणाले, एका बाजूला माझा बाप उभा असला आणि दुसऱ्या बाजूला सैतान, आणि सैतानाची बाजू खरी असली, तर न्याय सैतानाला मिळेल. माझ्या नाटकात हे वाक्य मीच म्हणतो! दाढीला हात लावला आणि मनाशी म्हणालो, कथबर्ट, हीच तुझी परीक्षा. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही.

इतक्यात चौथा बँड आला. स्वच्छ, सरळ, एकही सूर चुकलेला नाही, आणि एकाही सुराने अंगावर काटा आला नाही. मी म्हटलं, हे खालचे. ऑग्डनची शिस्त. आणि विनी, मी 'सर्वोत्तम' खोडलं. तिसऱ्याचे गुण कापले. शेऱ्यात लिहिलं, "कॉर्नेटचा श्वास ऐकू येतो." चौथ्याला पहिला नंबर दिला. सैतानाला न्याय दिला म्हणून मला इतका पवित्र आनंद झाला की मी उरलेली सगळी सँडविच खाऊन टाकली.

पडदा सारून सज्ज्यात आलो आणि जाहीर केलं, "चौथा!" आणि ओरडत पुढे आला कोण? ॲस्पिनॉल. ढोलासकट. चौथा बँड आपलाच होता!

गर्व्हेजने माझं ऐकलं होतं गं. त्याने "हुक्" सोडलं होतं! आणि तिसरा होता खालचा. त्यांच्या कॉर्नेटवाल्याचा ओठ सुजला होता, म्हणून ऑग्डनने ऐनवेळी स्वतःच्या मुलीला, लेटिसला, गणवेश चढवून उभी केली होती. टोपीखालून वेणी निघाली तेव्हा कळलं लोकांना. तिथे उभी होती बिचारी, कॉर्नेट छातीशी धरून. ऑग्डनने माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, आणि टोपी घातली.

आता गावात सगळे म्हणतात, मास्तरांनी आपल्यांची बाजू राखली. वरचे कौतुकाने म्हणतात, खालचे थुंकून म्हणतात. मी आपल्यांची बाजू राखली नाही, विनी! मी त्यांना बुडवायला निघालो होतो! पण खालच्यांवर अन्याय झाला तो झालाच. मी बँड ऐकला नाही, स्वतःचा मोठेपणा ऐकत बसलो.

फादरांना विचारलं. ते म्हणाले, "हेतू वाईट नव्हता. गप्प राहणं हे काही पाप नाही, कथबर्ट. आणि कप फार छान दिसतोय हो फायरप्लेसवर." मग मलाही वाटलं, सर थॉमसही गप्पच राहिले होते की.

तुझा,
दादा


चेल्सी
२४ जून १९३५

प्रिय दादा,

सर थॉमस गप्प राहिले आणि त्यांची मान गेली. तू गप्प राहिलास तर तुला पाय मिळतात. दोन गप्पांमध्ये एवढाच फरक आहे.

बाकी वाचून मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तो आयरिश शिंपी, काठी घेऊन खाली आला. त्याला वाटलं कुणी माझा गळा दाबतंय. दादा, अरे सैतानाला न्याय द्यायला गेलास आणि सैतानालाच लुटून आलास! असं फक्त तूच करू शकतोस. आपल्यांवर माया असलेला कुठलाही साधा परीक्षक तिथे असता, तर त्याने तिसऱ्यालाच पहिला नंबर दिला असता आणि न्याय आपोआप झाला असता.

म्हणून सांगते, बोलून टाक. ऑग्डनने भर सभेत तुझं नाव घेतलं होतं. तू त्याला भर सभेतच उत्तर द्यायला हवंस.

पण थांब! कागद खाली ठेवू नकोस. तू शाळा चालवलीस, पण तुला एक गोष्ट दिसली नाही. ते "हुक्" माझ्या बाबांचं. ते जगात एकाच माणसाकडे गेलं होतं, गर्व्हेजकडे. मग खालच्या चर्चच्या मुलीच्या छातीत ते आलं कुठून? वाऱ्याने? श्वास असा उडत जात नाही रे. तो शेजारी बसून, महिनोन् महिने, एकमेकांच्या तोंडाकडे बघत शिकावा लागतो.

कळलं का, म्हाताऱ्या?

आता पंचाईत बघ. "निकाल चुकला" एवढंच म्हणालास तर ठीक. पण "का चुकला" सांगितलंस, "मला वाटलं तो गर्व्हेजचा श्वास आहे" म्हणालास, की ऑग्डनला दोन अधिक दोन करायला कितीसा वेळ? आधी पोरीचं कॉर्नेट मोडेल, मग गर्व्हेजचे दात. आधी पोरांना विचार.

तुझी,
विनी


हॉलिनशॉ
३० जून १९३५

प्रिय विनी,

विचारलं. गर्व्हेज बीटासारखा लाल झाला, आणि मग इतका बोलला की मला खुर्ची घ्यावी लागली.

कालव्याच्या पुलाखाली, विनी! सबंध हिवाळा! तिथे आवाज घुमतो आणि वर कुणाला कळत नाही, म्हणून. ती बापाचं जुनं कॉर्नेट शालीत लपवून आणायची. तिला वाजवायचं होतं, आणि बाप म्हणायचा बायकांनी ट्रे वाजवावेत. याने शिकवलं. स्पर्धेच्या दिवशी तिनेच बापाला वाजवून दाखवलं, "तुमचं ऐकून शिकले" म्हणाली, आणि त्याच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. मी म्हटलं, "आणि फक्त कॉर्नेटच शिकवलंस का?" तर म्हणाला, "मामा, तुम्ही कवितेचे मास्तर ना, मग असले प्रश्न काय विचारता?"

लग्न करायचंय दोघांना. ती खालची, हा वरचा. दोन्हीकडे आगडोंब. ती म्हणते, कापणीचा सण होऊ दे, मग मी बाबांना सांगते, माझ्या तोंडाने. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळलं तर ते आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाहीत. तोवर मला शब्द द्यायला लावला. मी दिला.

म्हणजे आता माझी गत बघ. निकाल चुकला हे सांगितलंच पाहिजे. का चुकला ते सांगताच येत नाही. लोक विचारणार, आणि मी मुका. मग लोक काय समजतील? लाच खाल्ली, नाहीतर भ्रमिष्ट झाला. चाळीस वर्षं ज्या पोरांनी मला मास्तर म्हटलं, त्यांच्या नातवंडांसमोर!

पण खरं सांगू का? काल रात्री आरशासमोर शेवटचा प्रवेश म्हणत होतो, आणि एकाएकी मला खुदकन हसू आलं. इतकी वर्षं त्या माणसाचं चरित्र घोकलं, आणि कारण न सांगता उभं राहणं म्हणजे काय हे मला कालव्याच्या पुलाखालच्या दोन वेड्यांनी शिकवलं.

६ तारखेला बोलतो.

तुझा,
दादा


चेल्सी
३ जुलै १९३५

दादा,

शाबास. गुडघ्याखाली उशी घे. आणि मान परत घेऊन ये, मला ती हवी आहे.

विनी


हॉलिनशॉ
८ जुलै १९३५

प्रिय विनी,
अनेक आशीर्वाद.

मान शाबूत आहे. बाकीचं क्रमाने सांगतो, म्हणजे मलाही कळेल.

हिरवळ भरून वाहत होती. मान उडणार म्हटल्यावर खालचेही झाडून सगळे आले होते. ऑग्डन पहिल्या रांगेत, शेजारी लेटिस, आणि त्यांच्या बरोब्बर मागे, आकाशाकडे बघत असल्याचं सोंग करत, आमचा गर्व्हेज. ऊन असं सोनेरी पडलं होतं की फादरांचं टक्कलसुद्धा संताच्या प्रभावळीसारखं दिसत होतं.

पहिले चार अंक झकास. जावयाच्या प्रवेशात मी बाप आणि सैतानाचं ते वाक्य म्हटलं आणि खालच्यांतून कुणीतरी मोठ्याने हसलं. नीट ऐकू येईल असं. मी पुढे म्हणत राहिलो. मग ओट्याची पायरी आली. मी शिपायाचा हात धरला:

चढताना या पायऱ्या, द्या हात मजला जरा,
उतरायाचे मी बघेन, घोर त्याचा ना करा!

टाळ्या! फादर रडायला लागले. मी गुडघे टेकले (उशी होती). मान ओंडक्यावर ठेवली. दाढी हळूच बाजूला केली आणि तिच्या निर्दोषपणाचं ते कडवं म्हटलं. लोक हसून हसून एकमेकांवर पडले. ॲस्पिनॉलने कुऱ्हाड उचलली. ओट्यामागे मुंडक्याच्या जागी एक कोबी तयार होता.

मी म्हणालो, "जरा थांब."

"मास्तर," तो बुरख्यातून कुजबुजला, "हे वाक्य नाहीये."

"माहीत आहे मला. धरून ठेव कुऱ्हाड."

मान वर काढली असती, पण पाठ धरली होती. म्हणून मी तसाच, गवताकडे बघत, शाळेतल्या आवाजात बोललो: "व्हिट-शुक्रवारी मी दिलेला निकाल चुकीचा होता. त्या दिवशी सगळ्यात चांगलं वाजवलं तिसऱ्या नंबरच्या बँडने. मला ते तेव्हाही ऐकू आलं होतं. कप खालच्यांचा आहे. ऑग्डनसाहेब, तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला होता. माफ करा."

ओंडक्यावरची एक मुंगी चालत माझ्या नाकापर्यंत आली.

मग क्लिथेरोबाई: "अहो, पण का?"

"का ते सांगणार नाही."

"लाच किती घेतली होती तुमच्या फादरांकडून?" हा खालचा कुणीतरी.

"आणि आता किती घेतली खालच्यांकडून?" हा वरचा.

"परत करा माझा पाय!" ही मिसेस ॲस्पिनॉल.

मी गप्प. विनी, मला वाटलं होतं, गप्प राहणं सोपं असेल. नुसतं तोंडच तर मिटायचं. पण माझ्या जिभेवर ते कारण असं नाचत होतं, की एकदा, एकदाच सांगून टाकावं, आणि सगळ्यांनी म्हणावं, अरेच्चा, मास्तर तर देवमाणूस निघाले! तेच गिळायचं होतं.

"मास्तर," वरून ॲस्पिनॉलचा आवाज, "ही कुऱ्हाड लाकडाची का केली हो आपण?"

तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो तर गर्व्हेज उठून उभा! चेहरा पांढराफटक, तोंड उघडलेलं. माझ्यासाठी सगळं सांगून टाकणार होता गाढव! लेटिसने डोळे घट्ट मिटले. दुसरं काहीच सुचलं नाही. मी सगळा जोर एकवटून ओरडलो, "ॲस्पिनॉल, मार!"

आणि ॲस्पिनॉलने मारली. मनापासून मारली. कोबी टुणकन उडाला, दोन रांगा गडगडत गेला आणि थेट जोशुआ ऑग्डनच्या बुटांशी थांबला. बँडला इशारा वाटला. त्यांनी समारोपाचं गीत सुरू केलं, आणि त्या गोंधळात गर्व्हेजचं जे काही बोलून झालं ते देवालाच ऐकू आलं असेल. ऑग्डनने कोबी उचलला, माझ्याकडे बघितलं, मग वळून मागे गर्व्हेजकडे बघितलं, मग मुलीकडे. आणि कोबी काखेत मारून घरी गेला.

काल प्रार्थनेनंतर फादर स्वतः उशीच्या अभ्र्यात कप घालून खाली देऊन आले. हळहळले फार, पण गेले. तेव्हापासून वरचा एकही माणूस माझ्याशी बोलत नाही. दूधवाला किटली फाटकाबाहेर ठेवतो. खाटकाने आज मला फक्त हाडं दिली, तीही न बोलता. खालचेही बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं यात काहीतरी डाव आहे. माझ्या बाजूने गावात एकच माणूस आहे, गर्व्हेज, आणि त्याला मीच दम भरलाय की कापणीपर्यंत तोंड उघडशील तर याद राख.

आणि तरी विनी, तुला खोटं वाटेल, मी दिवसभर गुणगुणतोय! हाडांचं सूप केलं. उत्तम झालं. दाढी काढली, हनुवटीला वारा लागतोय. माझ्या हलकेपणाचं मला काय करावं सुचत नाही. मघाशी अंगणात एका पायावर उडी मारून पाहिली. शेजारच्या मांजरीने पाहिलं, तिने कुणाला सांगू नये एवढीच इच्छा.

फाटक वाजलं. माझ्याकडे येणार कोण?

लिहिता लिहिता खिडकीतून बघतोय. विनी, जोशुआ ऑग्डन! सोमवारच्या दिवशी रविवारची टोपी घालून! आयुष्यात त्याने वरच्या कुणाच्या फाटकाला हात लावलेला नाही, आणि आता माझ्या गुलाबांना ढकलत दारापर्यंत आलाय. मागे लेटिस, रडून रडून सुजलेली, की हसून, इथून कळत नाही. आणि तिच्या मागे आमचा गर्व्हेज, फासावर निघाल्यासारखा, पण तिचा हात धरून. सोडलेला नाही!

थाप पडली. उठायला हवं, पण हात लिहायचा थांबत नाहीये.

"मास्तर! खिडकीतून दिसताय तुम्ही, ठेवा ती लेखणी!" दाराबाहेरून त्याचा तो ढोलासारखा आवाज. "मी बँडमास्तर आहे, बहिरा नाही. परवा घरी गेलो आणि पोरीला म्हटलं, वाजव. मग आज या तुमच्या दिवट्याला कालव्यावर गाठून म्हटलं, आता तू वाजव, जुन्या पद्धतीने. तुम्ही तोंड का मिटलंत ते कळलं मला. भांडायला आलोय की सोयरीक करायला, ते अजून ठरलेलं नाही. आधी दार उघडा, आणि चहा टाका!"